हेडसेट तोच, पण नृत्य पाहणं दोन तऱ्हांचं

‘व्हीआरमध्ये (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे आभासी जगात) नृत्य पाहिलं’ असं कुणी सांगितलं, तर एक प्रश्न जरूर विचारावा: पाहताना उठून चार पावलं चालता आलं का? हेडसेटवर, म्हणजे डोळ्यांवर चढवायच्या पडद्यावर, दाखवलं जाणारं नृत्य बहुतेक वेळा दोनपैकी एका प्रकारचं असतं. एक ३६० अंशांचा व्हिडिओ, दुसरं संगणकाने त्याच क्षणी रंगवलेलं त्रिमित जग. जाहिरातीत दोन्हींना व्हीआरच म्हणतात, म्हणून घोळ होतो.

आधी व्हिडिओ. २०१६ मध्ये डच नॅशनल बॅलेने ‘नाइट फॉल’ हे छोटं बॅले खास हेडसेटसाठी केलं, नृत्यरचना पीटर लेउंग यांची. नर्तक तुमच्या समोर नाही, सभोवती नाचतात. हे साधतं ते चारी दिशांना भिंगं असलेल्या कॅमेऱ्यामुळे. प्रत्येक भिंगाचं चित्र शेजारच्या चित्राला जोडून एक अखंड गोल बनवतात आणि त्या गोलाच्या मध्यावर तुम्हाला बसवतात. मान कुठेही वळवा, चित्र आहे. पण बसल्या जागी पुढे वाकून बघा: नर्तकी जवळ येत नाही, तिच्या खांद्याआड काय आहे ते दिसत नाही. कॅमेरा होता तिथेच तुम्ही, आणि त्याच उंचीवर. तो कमरेइतका खाली लावला असेल तर सगळे नर्तक उगाचच धिप्पाड वाटतात.

यात रचनाकाराची खरी पंचाईत वेगळीच आहे. रंगमंचाला समोरची बाजू असते, इथे ती नाहीच. महत्त्वाची उडी पाठीमागे झाली आणि प्रेक्षक दुसरीकडेच बघत बसला, तर उडी वाया. मग पावलांचा आवाज, एखाद्या नर्तकाची धाव, प्रकाशाचा बदल अशा खुणांनी प्रेक्षकाची मान वळवावी लागते. शिवाय नर्तक कॅमेऱ्याच्या फार जवळून, दोन भिंगांच्या सांध्यावरून गेला, तर त्याचा हात तुटल्यासारखा दिसतो. म्हणून जवळ यायचं, पण अमुक अंतराच्या आत नाही, हे नियम पायांना शिकवावे लागतात. स्पष्टतेचंही गणित आहे. ४के व्हिडिओची रुंदी ३८४० पिक्सेल, पण ती पूर्ण वर्तुळावर पसरते. एका वेळी ९० अंश दिसतात असं धरलं, तर तुमच्या वाट्याला जेमतेम ९६० पिक्सेल येतात. डोळ्यांतला अभिनय तिथेच हरवतो.

आता दुसरा प्रकार. स्विस नृत्यरचनाकार जिल जोबँ यांनी जिनिव्हाच्या आर्टानिम या संस्थेबरोबर २०१७ मध्ये ‘व्हीआर_आय’ केलं. पाच प्रेक्षक एकाच वेळी आत जातात. पाठीवर संगणक, हातापायांना हालचाल टिपली जावी म्हणून लावलेली साधनं. आत गेल्यावर ते एकमेकांना पात्रांच्या रूपात दिसतात आणि खरोखर चालत हिंडतात. कधी नर्तक डोंगराएवढे होऊन वरून डोकावतात, कधी इवलेसे होऊन पायाशी नाचतात. कॅमेऱ्याने हे टिपता येणार नाही, आणि माझ्या मते म्हणूनच हे काम महत्त्वाचं. जे प्रत्यक्ष रंगमंचावर अधिक चांगलं दिसतं ते हेडसेटमध्ये कशाला कोंबायचं?

इथे नर्तकाचं चित्रीकरण होत नाही, हालचाल नोंदवली जाते. अंगावर खुणांचे ठिपके असलेला घट्ट पोशाख, भोवती इन्फ्रारेड कॅमेरे. ठिपक्यांच्या जागेवरून सांगाडा तयार होतो आणि त्यावर संगणकातलं शरीर चढवतात. नृत्यात हे तंत्र नवं नाही. अमेरिकी नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांच्या १९९९ मधल्या ‘बायपेड’मध्ये अशाच नोंदींवरून केलेल्या आकृती नर्तकांसोबत पडद्यावर झळकल्या होत्या. पण सांगाड्यात श्वास नसतो. चेहरा, बोटं, कापडाची लहर हे सगळं वेगळं टिपावं किंवा घडवावं लागतं, नाहीतर नर्तक बाहुलीसारखा दिसतो.

थोडक्यात सौदा असा: व्हिडिओत नर्तक खरा, पण तुमच्या शरीराला तिथे काही किंमत नाही. दुसऱ्यात तुमचं प्रत्येक पाऊल मोजलं जातं, पण समोरचा देह पुन्हा घडवलेला असतो. ही कोंडी फोडायचा चांगला प्रयत्न स्पॅनिश नृत्यरचनाकार ब्लांका ली यांनी केला. त्यांच्या ‘ल बाल द पारी’ला २०२१ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात व्हीआर विभागातला पुरस्कार मिळाला. दहा प्रेक्षक, आणि त्यांच्यात दोन खरे नर्तक, तेही साधनं चढवून. हेडसेटमधलं पात्र तुमचा हात धरतं तेव्हा खरोखरच कुणीतरी हात धरलेला असतो. प्रेक्षक नुसता पाहत नाही, नाचूही लागतो.

गरगरण्याबद्दल एवढंच: तुम्ही बसलेले आणि कॅमेरा फिरतोय, अशा व्हिडिओत बऱ्याच जणांना मळमळतं. कॅमेरा एका जागी ठेवलेला असेल तर त्रास क्वचितच.

मग कुठला चांगला? नृत्य कोणतं ते पाहून ठरवावं. आपली बैठकीची लावणी घ्या. तिथे प्रेक्षक मुळातच बसलेला, अंतर हातभर, सगळा खेळ नजरेचा आणि अदेचा. तिला सांगाड्यात कोंबणं म्हणजे जीव काढून घेणं. रसिकाच्या जागी नीट उंचीवर ठेवलेला एक चांगला कॅमेरा तिला पुरेल, फक्त अंतर राखून आणि ४केपेक्षा बरीच जास्त स्पष्टता घेऊन. उलट जिथे प्रेक्षकाने रिंगणात शिरायचं असतं, तिथे व्हिडिओ निरुपयोगी.

घरी बसून पाहायचं तर मात्र पारडं व्हिडिओकडे झुकतं. तो पुठ्ठ्याच्या चष्म्यात घातलेल्या साध्या फोनवरही चालतो. ‘व्हीआर_आय’ला मोकळा हॉल, साधनं चढवणारी माणसं आणि दर खेळाला जेमतेम पाच प्रेक्षक लागतात. सभागृहाचा हिशेब पाहणाऱ्या कुणालाही विचारा, पाच तिकिटांवर खेळ कसा लावायचा.