एक कोड, अनेक चिप: बिल्ड इतकं अवघड कशामुळे झालं?

१९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी बिल्डसाठी, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करण्यासाठी, ‘मेक’ हे साधन लिहिलं, तेव्हा प्रश्न एवढाच होता: कोणती फाइल बदलली आणि तिच्यामुळे काय काय पुन्हा कंपाइल करायचं, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवायचं? पुढे युनिक्सचे प्रकार वाढले आणि १९९१ मध्ये ऑटोकॉन्फ आलं. त्याची कॉन्फिगर स्क्रिप्ट छोटे छोटे प्रोग्रॅम कंपाइल करून बघते आणि या मशीनवर काय आहे, काय नाही ते ठरवते. २००० च्या सुमारास सीमेक हे बिल्डचं साधन सुरू झालं, वैद्यकीय प्रतिमांच्या आयटीके या लायब्ररीसाठी.

या सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: एका फाइलला एक कंपाइलर आणि एकाच प्रकारचा प्रोसेसर. एका प्रोग्रॅमचं काम अनेक कोअरवर वाटणाऱ्या, १९९७ मध्ये आलेल्या ओपनएमपीने तिला धक्का लावला नाही. कंपाइलरला एक फ्लॅग, म्हणजे कमांडमधला पर्याय, दिला की काम भागायचं.

घडी मोडली ती २००७ मध्ये कूडा, म्हणजे एनव्हीडियाच्या जीपीयूवर (ग्राफिक्स चिपवर) प्रोग्रॅम चालवायची प्रणाली, आल्यावर. आता एकाच फाइलमधला काही कोड सीपीयूसाठी आणि काही जीपीयूसाठी. कूडाचा कंपाइलर एनव्हीसीसी ती फाइल फोडतो, जीपीयूचा भाग स्वतः कंपाइल करतो आणि उरलेला जीसीसीसारख्या नेहमीच्या कंपाइलरच्या हवाली करतो. त्यामुळे जीसीसीसाठीचा फ्लॅग एनव्हीसीसीला कळेलच असं नाही. त्याला वेगळं सांगावं लागतं की हा पुढे दे. हे किती जाचक होतं ते कोक्कोस या सी++ लायब्ररीमध्ये दिसतं. या लायब्ररीत खास एनव्हीसीसीला गुंडाळणारी एक स्क्रिप्ट आहे. बिल्ड सिस्टिमला ती साधा सी++ कंपाइलर वाटते. आत ती फ्लॅग निवडून ज्याचे त्याला देते.

दुसरी अडचण आर्किटेक्चरची, म्हणजे जीपीयूच्या पिढीची, आणि माझ्या मते हीच जास्त छळते. फक्त एनव्हीडियाच्या व्ही१०० या जीपीयूसाठी, म्हणजे एसएम ७० या आर्किटेक्चरसाठी, तयार केलेला मशीन कोड नंतरच्या ए१०० वर चालत नाही. सोबत पीटीएक्स हा मधला कोड ठेवला असेल तर ड्रायव्हर त्यातून नवा मशीन कोड बनवून घेतो. तो नसेल तर बिल्ड विनातक्रार पूर्ण होतं आणि प्रोग्रॅम चालवल्यावर पहिल्याच कर्नलला, म्हणजे जीपीयूवर चालणाऱ्या फंक्शनला, एरर येते. सीमेकने २०१७ च्या ३.८ आवृत्तीत कूडाला स्वतंत्र भाषेचा दर्जा दिला, पण आर्किटेक्चर सांगायची नीट सोय ३.१८ मध्ये, २०२० साली झाली.

तोवर खालचं हार्डवेअरच बदलत होतं. ओक रिज प्रयोगशाळेत २०१८ च्या समिट या महासंगणकात एनव्हीडियाचे जीपीयू होते. तिथेच २०२२ मध्ये फ्रंटियर आला तो एएमडीचे जीपीयू घेऊन. कूडात लिहिलेला कोड तिथे जसाच्या तसा चालणार नव्हता. सँडिया प्रयोगशाळेत सुरू झालेल्या कोक्कोसचं उत्तर असं: लूप एकदाच लिहायचा, बॅकएंड, म्हणजे तो खाली कोणत्या प्रणालीतून चालवायचा ते, कॉन्फिगर करताना निवडायचा. कूडा, एएमडीचं हिप, सिकल हे खुलं मानक की ओपनएमपी, हा निर्णय सोर्समधून निघून बिल्डच्या सेटिंगमध्ये गेला. शिवाय एका बिल्डमध्ये जीपीयूचा एकच बॅकएंड चालू करता येतो. म्हणून दोन्ही कंपन्यांच्या जीपीयूवर चालवायचा कोड आजही दोन वेगळ्या बिल्ड फोल्डरमध्ये, दोनदा कंपाइल होतो.