हरण्या नाही, की पाहिलाच नाही?

गेल्या पावसाळ्यात चोपडा तालुक्यातल्या माझ्या भाच्याने गावातल्या केळीबागांचा तक्ता केला. बागायतदाराचं नाव, वाण, लागवडीची तारीख आणि शेवटचा रकाना 'आढळलेले रोग'. ज्यांचा हा रकाना रिकामा, त्या बागा त्याने 'रोगमुक्त' म्हणून वेगळ्या काढल्या. त्या यादीत नानांची बाग पाहून नानाच म्हणाले, "मन्हा वावरमा कोनी उनाच नही!" म्हणजे, माझ्या शेतात कुणी आलंच नाही!

हरण्या हा केळीवरचा रोग, म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस). हा विषाणू मावा नावाची कीड पसरवते. पानावर पिवळसर रेघा उमटतात, पान अरुंद होतं, पुढे पोंगा सडतो. यावर औषध नाही. झाड उपटून नष्ट करावं लागतं. त्यामुळे एका बागेवर चुकून 'रोगमुक्त' असा शिक्का बसला, तर भोगावं शेजारच्यालाही लागतं.

आपल्या रोजच्या डेटाबेसची सवय भाच्यासारखीच असते. जे नोंदलं नाही, ते नाही. संगणकशास्त्रज्ञ रेमंड रायटर यांनी १९७८ मध्ये या सवयीची नीट तर्कशुद्ध मांडणी केली. तिला बंद जगाचं गृहीतक म्हणतात. भुसावळ स्टेशनच्या वेळापत्रकासाठी ते अगदी योग्य आहे. तक्त्यात जी गाडी नाही, ती गाडी नाहीच, कारण तक्ता पूर्ण करण्याची जबाबदारी कुणीतरी घेतलेली असते.

इंटरनेटवरच्या माहितीची अशी जबाबदारी कुणीच घेत नाही. म्हणून सिमँटिक वेबसाठी, म्हणजे संगणकालाही अर्थ कळेल अशा वेबसाठी, २००४ मध्ये प्रमाणित झालेली 'आऊल' (OWL) ही भाषा खुलं जग मानते: जे नोंदलं नाही, ते फक्त माहीत नाही. कुठले वर्ग, कुठले गुणधर्म, त्यांचं नातं काय, हे या भाषेत लिहिलं की त्याला ऑन्टॉलॉजी म्हणतात. त्यावरून निष्कर्ष काढणारा प्रोग्राम म्हणजे रीझनर. 'ज्या बागेत एकही रोग नाही ती रोगमुक्त' अशी व्याख्या देऊन भाच्याचा तक्ता रीझनरला दिला, तर तो एकाही बागेला रोगमुक्त म्हणणार नाही. नवख्यांना वाटतं, प्रोग्राम बिघडला. पण तो असं का करतो, हे मला सगळ्यात सुंदर वाटतं.

√२ अपरिमेय आहे हे शाळेत आपण कसं सिद्ध केलं? उलट मानून चाललो आणि विसंगती गाठली. रीझनर तेच करतो. प्रश्न येतो, 'नानांची बाग रोगमुक्त आहे का?' तो म्हणतो, समजा नाही. मग तिथे निदान एक रोग हवा. तक्त्यात तर कुठलाच लिहिलेला नाही. म्हणून तो स्वतःच एक बेनाव रोग कल्पतो, बागेला जोडतो आणि लिहिलेलं प्रत्येक विधान तपासतो की याच्याशी कुणाचं भांडण होतंय का. भांडण झालं असतं तर 'रोगमुक्त' सिद्ध झालं असतं. इथे कुणीच हरकत घेत नाही. लपलेला रोग असलेलं जग शक्य आहे, म्हणून शिक्का नाही. मग दुसरी बाजू: समजा बाग रोगमुक्तच आहे. तेही जमतं. म्हणून 'रोगट' हा शिक्काही नाही. उत्तर उरतं, माहीत नाही.

बांधावर बाहुली टांगली म्हणून बाग वाचली, असं सांगणारे याच रिकाम्या रकान्यावर जगतात. कुणी पाहणी केली नाही, रोगाची नोंद झाली नाही, आणि श्रेय बाहुलीला! 'भूत नाही हे सिद्ध करा' हाही त्यातलाच प्रकार. सिद्ध झालं नाही म्हणून उलटं खरं ठरत नाही, एवढी शिस्त त्या रीझनरला आहे आणि आपण ती शिकायलाच हवी.

मग नकार कळवायचा कसा? स्पष्ट लिहून: 'या बागेच्या रोगांची संख्या जास्तीत जास्त शून्य.' आता कल्पित रोग जोडताच विसंगती येते आणि बाग रोगमुक्त वर्गात जाते. एखाद्या बागेत करपाच आहे, हरण्या नाही, हे सांगायचं तर 'करपा आहे' पुरत नाही, 'करपाच, दुसरं काही नाही' असं कुंपण घालावं लागतं. तेवढ्यानेही भागत नाही. आऊलमध्ये दोन नावं म्हणजे दोन वस्तू असं धरत नाहीत. 'हरण्या' आणि 'सीएमव्ही' ही एकाच रोगाची नावं आहेतच की! त्यामुळे करपा आणि हरण्या वेगळे आहेत, हेही लिहावं लागतं.

अजून एक खाच आहे. आऊलचे निष्कर्ष नव्या माहितीने मागे घेतले जात नाहीत. आज बागेबद्दल 'शून्य' लिहिलं आणि आठवड्याने हरण्या सापडला, तर दोन्ही विधानं एकत्र नांदू शकत नाहीत. आणि विसंगत विधानांवरून काहीही सिद्ध करता येतं, सगळी ऑन्टॉलॉजीच निकामी होते. म्हणून शून्य बागेला चिकटवायचं नाही, पाहणीला चिकटवायचं. भाच्याने आता प्रत्येक पाहणीची वेगळी ओळ केली आहे: तारीख, कोण गेलं, किती झाडं पाहिली, काय आढळलं. नानांच्या नावापुढे अजून एकही ओळ नाही. रविवारी तो तिकडे जाणार आहे.