थरथर चाकाची की शाफ्टची?

नाशिकच्या गंगापूर रोडला गाडी लोण्यासारखी चालते. इगतपुरीजवळ समृद्धी महामार्गावर चढलो आणि काटा शंभराच्या पुढे गेला की थरथर सुरू होते. नाशिकमध्ये वीस-पंचवीस वर्षांची स्पोर्ट्स कार जिवापाड जपणाऱ्या अनेकांची हीच तक्रार आहे. समृद्धीवर कारला ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे, त्यामुळे शहरात वर्षानुवर्षं लपलेला दोष तिथे पहिल्या दहा मिनिटांत बाहेर पडतो. मग टायरवाल्याकडे धाव घ्यायची, बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) करायचं, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करायची, पुन्हा बॅलन्सिंग करायचं. पैसे जातात आणि थरथर राहते.

इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, अशा गाडीत ही थरथर मुख्यतः दोन ठिकाणांहून येते. एक म्हणजे चाकं. दुसरं म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीपर्यंत, जाणारा लांब दांडा, प्रोपेलर शाफ्ट. सीटवर बसून सुरुवातीला दोन्ही सारख्याच वाटतात, पण दोन्ही एका वेगाने फिरत नाहीत, आणि निदान तिथूनच सुरू होतं. 225/50 आर 16 मापाच्या टायरचा घेर जवळपास दोन मीटर असतो. ताशी 100 ला ते चाक सेकंदाला साधारण 14 वेळा फिरतं. डिफरन्शियलचं गुणोत्तर साडेतीन धरलं, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या साडेतीन, तर शाफ्ट त्याच सेकंदात 49 फेऱ्या मारतो. चौदाचे हादरे डोळ्यांना दिसतात: स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलतं, बाटलीतलं पाणी हिंदकळतं. एकोणपन्नासचे हादरे दिसत नाहीत. ते तळपायाला मुंग्यांसारखे लागतात आणि कानाला घूंऽऽ असे ऐकू येतात.

चाकाच्या थरथरीला स्वतःची एक ठरावीक पट्टी असते. बहुतेक वेळा ती 85-90 ला सुरू होते, 100-110 ला टिपेला जाते आणि पुढे कमी होते. पुढच्या चाकात दोष असेल तर ती हातात जाणवते, मागच्या चाकात असेल तर सीटमध्ये. अ‍ॅक्सिलरेटर दाबला काय, सोडला काय, तिला फारसा फरक पडत नाही. कारण दर वेळी रिमवरून पडलेलं बॅलन्सिंगचं वेटच असेल असं नाही. पावसाळ्यात घोटी-इगतपुरीचा चिखल रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसतो, तेवढ्यानेही बॅलन्स जातो. म्हणून मशीनवर चढवण्याआधी चाक आतून धुऊन घ्या. महिनाभर पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीचे टायर खालून चपटे होतात, पण पंधरा-वीस किलोमीटर चालून गरम झाले की ते पूर्ववत होतात. टायरच्या बाजूवरचे चार आकडेही वाचा. 1417 म्हणजे 2017 सालचा चौदावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसली, तरी इतक्या जुन्या टायरवर मी वेगात जाणार नाही.

आणखी एक गोष्ट फार जणांच्या नजरेतून सुटते: बाहेरून घेतलेली अलॉय व्हील्स. चाक ज्या मधल्या गोल भागावर बसतं तो हब. बीएमडब्ल्यू झेड3 च्या हबचा व्यास 72.6 मिलिमीटर, जुन्या मर्सिडीज एसएलकेचा 66.6. रिमचं मधलं भोक याहून मोठं असेल आणि ती फट भरणारी हब रिंग बसवलेली नसेल, तर चाक मधोमध बसतच नाही. टायरवाला म्हणतो, ‘सर, मशीनवर झिरो आहे,’ आणि तो खरंच बोलत असतो. चाक मशीनवर नेमकं मध्यावर असतं, गाडीवर नसतं. अलाइनमेंटचा मात्र या थरथरीशी जवळजवळ संबंध नाही. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एका कडेला झिजत असेल, तर तिचा उपयोग.

शाफ्टचा धडा मला महागात मिळाला. क्लच प्लेट बदलून गाडी घरी आणली आणि पुढच्याच रविवारी समृद्धीवर 95 च्या पुढे गाडी पायाखाली गुणगुणायला लागली. वेग वाढेल तशी ही गुणगुण वाढत गेली, कमी झालीच नाही. मी दोनदा बॅलन्सिंग केलं, मागचे दोन टायर नवे घेतले. खरं कारण असं निघालं: गिअरबॉक्स उतरवताना दोन तुकड्यांचा शाफ्ट सोडला होता आणि खूण न करता पुन्हा जोडला होता. कारखान्यात असा शाफ्ट जोडलेल्या स्थितीतच बॅलन्स होतो. अर्धा भाग जोडातले काही दाते फिरवून बसला की तो हिशेब मोडतो, शाफ्टला कोनात फिरू देणारे क्रॉस जॉइंटही एका रेषेत राहत नाहीत. खूण नसताना तो जोडलेल्या स्थितीत मशीनवर नव्याने बॅलन्स करावा लागतो. जुन्या गाडीत यासोबत गिअरबॉक्सजवळचं रबर कपलिंग तडकलेलं असतं, मधल्या बेअरिंगचं रबर सैल पडलेलं असतं. गाडी रॅम्पवर घेऊन टॉर्चच्या उजेडात पाहिलं की तडे सहज दिसतात.

रस्त्यावरची तपासणी वेगमर्यादेतच, मोकळ्या सरळ पट्ट्यावर करा. ज्या वेगाला त्रास होतो तो धरा आणि त्याच वेगाला पाचवा गिअर काढून चौथा टाका. थरथर तशीच राहिली तर दोष इंजिनात नाही. मग क्लच दाबून गाडी वाहू द्या, पण चावी फिरवू नका. इंजिन बंद झालं तर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. चाकाची थरथर यात बदलत नाही. कपलिंग किंवा जॉइंटमधली थरथर ताण सुटताच बदलते. निव्वळ बॅलन्स गेलेला शाफ्ट मात्र गुणगुणतच राहतो, कारण चाकं त्याला फिरवत असतात. तिथे तुमचे तळपाय आणि कानच कामाला येतात. फक्त ब्रेक दाबल्यावर हादरे येत असतील तर डिस्क बघा, बाकी काही नको.

आता माझी गाडी कुठल्याही गॅरेजच्या रॅम्पवर चढली की शाफ्ट सोडण्याआधी मी स्वतः खाली जातो आणि दोन्ही तुकड्यांवर, जोडाच्या चकतीवर (फ्लँजवर) पांढऱ्या रंगाने एक सलग रेघ ओढतो.