झर्मा भाषेतील स्वरसंयोग

झर्मा ही सोंघाय कुळातील भाषा नायजर देशाच्या नैर्ऋत्य भागात, नियामे, दोसो आणि तिलाबेरीच्या परिसरात बोलली जाते. नायजरमध्ये हौसा भाषेखालोखाल तिचे भाषक आहेत. बेनिन आणि नायजेरियातही ते आढळतात. आ, ए, इ, ओ, उ हे तिचे पाच मौखिक स्वर असून पाचांनाही अनुनासिक जोडीदार आहेत. ऱ्हस्व-दीर्घ फरकाने अर्थ बदलतो. (या नोंदीत ‘आ’, ‘ए’ आणि ‘ओ’ हे ऱ्हस्व समजावेत, दीर्घ स्वरापुढे ‘ऽ’ दिला आहे.) ‘काऽ’ म्हणजे येणे, तर ‘का’ हा दोन क्रियापदे जोडणारा शब्द.

‘आय्’ (मी), ‘बाय्’ (जाणणे), ‘कोय्’ (जाणे), ‘हाव्’ (गाय) हे अगदी रोजच्या वापरातले शब्द. नवशिक्याला त्यांत दोन स्वर एकत्र आल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तो एक स्वर आणि त्याला लागलेला ‘य्’ किंवा ‘व्’ हा अर्धस्वर असतो. प्रत्यय लागला की हे उघड होते: ‘हाव्’चे निश्चित रूप ‘हावो’ (ती गाय) आणि अनेकवचन ‘हावेय्’. उच्चार ‘हा-वो’ असा फुटतो. मराठीत ‘गाव’चे ‘गावात’ होताना ‘व’ पुढच्या स्वराला चिकटतो, तसेच हे.

म्हणूनच ‘हाव्’साठी ‘हौ’ आणि ‘बाय्’साठी ‘बै’ लिहिणे टाळावे. मराठी ‘ऐ’ आणि ‘औ’ यांची सुरुवात ‘अ’ने होते, झर्मात तोंड ‘आ’इतके उघडते. मराठी ‘गाय’ आणि ‘नाव’ यांचे शेवट याला पुष्कळ जवळचे आहेत, आणि हा आधार मराठी माणसाने जरूर घ्यावा.

अर्धस्वर स्वराच्या आधीही येतो. गावासाठी झर्मा शब्द ‘क्वाऽरा’. मालीतील गाओकडच्या सोंघाय बोलीत त्याच शब्दाचे रूप ‘कोयरा’ आहे. ‘क्वाऽ’ हे एकच अक्षर आहे. ते ‘कु-आ’ असे तोडून म्हणू नये.

फ्रेंच वळणाच्या लेखनाने बरेच गैरसमज पसरले आहेत. दोसोच्या पारंपरिक शासकाची पदवी ‘झर्माकोय्’, यातील ‘कोय्’ हा ‘जाणे’हून वेगळा शब्द, त्याचा अर्थ धनी किंवा स्वामी. फ्रेंच लेखनात तिच्या शेवटी ‘ए’ चिकटतो आणि वाचणारा ‘जेर्माकोये’ म्हणून मोकळा होतो. ‘नियामे’चेही तसेच: आरंभी ‘इ’ आणि ‘आ’ यांचा संयोग नाही, तेथे ‘ञ्’ हे एकच तालव्य व्यंजन आहे.

झर्मा सुरांची भाषा आहे. ‘बा’ एका सुरात ‘पुष्कळ असणे’, दुसऱ्या सुरात ‘हवे असणे’. एकाच स्वरावर सूर वरून खाली उतरतो तेव्हा दोन स्वर ऐकल्याचा भास होऊ शकतो. सूर बदलला तरी जीभ जागची हलत नाही, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

पश्चिम आफ्रिकी भाषांच्या लिप्यांत एकसूत्रता आणण्यासाठी 1966 मध्ये बामाको येथे युनेस्कोची बैठक झाली. तिच्यात सोंघाय-झर्माचाही विचार झाला. नायजर सरकारने 1999 मध्ये अधिकृत लेखनपद्धती ठरवली. दीर्घ स्वर अक्षर दोनदा लिहून दाखवतात, म्हणजे एकच अक्षर लागोपाठ दोनदा दिसल्यास तो एक लांब स्वर. शब्दांच्या सांध्यावर मात्र स्वर खरोखर भेटतात, आणि तेथे बहुधा एक गळतो: ‘ना’ या क्रियाचिन्हापुढे ‘आ’ (त्याला, तिला) आला की दोन्ही मिळून ‘ना’ एवढेच उरते, आणि लिहिताना गळलेल्या स्वराच्या जागी लोपचिन्ह (’) येते.