पार्श्वभूमी: शाळेतलं कपाट आणि त्याची किल्ली

आमच्या जिल्हा परिषद शाळेत ऑफिसच्या कोपऱ्यात लोखंडी कपाट होतं आणि किल्ली मोठ्या गुरुजींच्या खिशात. पुस्तकं डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे शाळेच्या कायमच्या सामानाच्या नोंदवहीत चढलेली. बदली झाली की चार्ज देताना एकेक मोजून द्यायची, कमी भरलं तर भरपाई गुरुजींच्या माथी. मग पोरांच्या हाती पुस्तक कोण देणार? चौथीत असताना खालच्या फळीला उदई लागली, तेव्हा पुस्तकं उन्हात टाकायला आम्हाला बोलावलं. त्या दुपारी ‘किशोर’ या मुलांच्या मासिकाचा एक जुना अंक मी अंगणात उभ्या उभ्या वाचून काढला.

ही पुस्तकं शाळेत टप्प्याटप्प्यानं आली. 1967 मध्ये महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा झाला, पण तो सार्वजनिक वाचनालयांसाठी. शाळेचं कपाट शिक्षण खात्याकडेच राहिलं. त्याच वर्षी बालभारती स्थापन झाली आणि 1971 पासून ‘किशोर’ निघू लागलं. खेड्यातल्या प्राथमिक शाळांत पुस्तकांचे गठ्ठे खऱ्या अर्थानं पोचले ते 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतरच्या खडू-फळा मोहिमेत. पुढे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवंच असं ठरवलं. वर्तमानपत्र, मासिकं, गोष्टीची पुस्तकं, सगळं त्याच्या परिशिष्टात लिहिलेलं आहे. 2018 पासून समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेच्या प्रकाराप्रमाणे वर्षाला 5 ते 20 हजार रुपये ग्रंथालयासाठी मिळू लागले.

या सगळ्यात माणूस मात्र राहून गेला, आणि मला सगळ्यात जास्त सलतं ते हेच. प्राथमिक शाळेला ग्रंथपाल नाही. हायस्कुलात हे पद पटसंख्येला बांधलेलं, म्हणजे लहान गावाच्या शाळेच्या वाट्याला ते येतच नाही. मेळघाटात पोराची घरची बोली कोरकू, भामरागडकडे माडिया. तिथं तर पुस्तक आणि पोर यांच्या मधे बसणारं कुणीतरी लागतंच. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आपण मनापासून साजरा करतो, पण दुसऱ्या दिवशी कपाट कोण उघडणार हे ठरलेलं नसतं.

माहिती शोधणं, पारखणं आणि वापरणं, म्हणजेच माहिती साक्षरता, हा शब्द अमेरिकेत 1974 मध्ये रुजू लागला. 1999 मध्ये युनेस्कोनं मान्य केलेल्या जाहीरनाम्यानं ती शाळेच्या ग्रंथालयाचं काम मानली. आपल्याकडे तिची गरज 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यानं दाखवली. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले.

त्यानंतर सातवीच्या वाचनतासाला मी फवारणीच्या औषधाच्या डब्यावरच्या लेबलाचा मोठा केलेला फोटो ठेवू लागलो. लाल त्रिकोण सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. विषबाधा झाली तर काय करायचं तेही लेबलावर असतं, पण अक्षर एवढं बारीक की मूळ डब्यावर कुणी वाचतच नाही. एका पोरीनं प्रमाणाच्या ओळीवर बोट ठेवलं. “सर, दुकानदार पंपाले याच्याहून जास्त टाका म्हणते. कोणाचं खरं?”

तो तास त्या प्रश्नावरच गेला. पोरांनी आपापल्या घरी कोण किती टाकतं ते वहीत लिहून आणलं आणि त्या आठवड्यात कृषी सहायकांना शाळेत बोलावलं.