गॅस बंद केल्याचं आठवतं की करायचं आठवतं?

ठाण्याहून वाशीची लोकल सुटली की पहिल्या पाच मिनिटांत डब्यातून घरोघरी फोन लागतात. परवा समोरच्या बाकावरच्या बाई दिघा गाव येईपर्यंत चुळबुळत होत्या. शेवटी त्यांनी फोन लावलाच. ‘अहो, गॅस बंद केल्याचं मला आठवत नाहीये. जरा बघता का? आणि येताना दळण आणायचं विसरू नका.’

गॅस बंद होता की नाही ते मला कळलं नाही, कारण ऐरोलीला मी उतरलो. पण ती दोन वाक्यं डोक्यात राहिली. ‘बंद केल्याचं’ आणि ‘आणायचं’. दोन्हीकडे आठवण्या-विसरण्याचीच भानगड, तरी क्रियापदाची रूपं वेगळी. बाई घाईत होत्या, काळजीत होत्या, गाडीचा खडखडाट चालू होता, तरीही त्यांची चूक झाली नाही. ‘गॅस बंद करायचं मला आठवत नाहीये’ असं त्या म्हणाल्या असत्या, तर पलीकडचे गृहस्थ चक्रावलेच असते.

माझ्या दृष्टीने यातली गंमत वेगळी आहे. मी शनिवारी संध्याकाळी नौपाड्यात नोकरदारांना इंग्रजी शिकवतो. ऐरोली-घणसोलीच्या ऑफिसांत दिवसभर मेल लिहिणारी ही मंडळी. त्यांच्यातल्या कोणालाही या बाईंची दोन वाक्यं इंग्रजीत करायला दिली, तर निम्मे जण पहिल्याच वाक्यात अडखळतात: ‘आय डोन्ट रिमेम्बर टू टर्न ऑफ द गॅस’. हवं असतं ‘आय डोन्ट रिमेम्बर टर्निंग ऑफ द गॅस’. दुसरं वाक्य मात्र बरोबर येतं: ‘डोन्ट फरगेट टू ब्रिंग’. म्हणजे जो फरक मराठीत झोपेतही चुकत नाही, तो इंग्रजीत गेल्यावर कुठे हरवतो?

व्याकरणाची पुस्तकं याला याद्यांनी उत्तर देतात. वॉन्ट, होप, डिसाइड, प्रॉमिस, रिफ्यूज यांच्यापुढे ‘टू’. एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड, डिनाय यांच्यापुढे ‘आयएनजी’. कॅन, मस्ट, लेट, मेक यांच्यापुढे नुसता धातू. पाढ्यांसारखं पाठ करा आणि मोकळे व्हा. मला या याद्यांचा राग नाही, मीही फळ्यावर लिहितो. पण पाढ्यांमागे बेरीज असते. तशी या याद्यांमागे काय आहे, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

सुरुवात ‘टू’पासून करू. हा शब्द मुळात दिशेचा. ‘टू ठाणे’ म्हणजे ठाण्याकडे. जर्मनमध्ये त्याचा भाऊबंद ‘त्सू’ आहे, डचमध्ये ‘ते’. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत क्रियापदाची दोन रूपं होती. ‘पिणे’ याला नुसतं ‘ड्रिंकन’, आणि ‘पिण्याकडे, पिण्यासाठी’ असं म्हणायचं असेल तर ‘टो ड्रिंकेने’. त्या दुसऱ्या रूपाच्या शेवटी चतुर्थीसारखा प्रत्यय होता. पुढच्या काही शतकांत इंग्रजीतले शेवटचे प्रत्यय झिजत गेले. ‘ड्रिंकन’ही ‘ड्रिंक’ झालं आणि ‘ड्रिंकेने’ही ‘ड्रिंक’ झालं. दिशा दाखवायला उरला तो पुढचा ‘टू’.

आता मराठीकडे बघा. ‘प्यायला’ हे रूप आलं कुठून? जुन्या मराठीतल्या ‘प्यावयास’, ‘प्यावयाला’ यातून. शेवटचा ‘स’ किंवा ‘ला’ म्हणजे आपली शाळेतली चतुर्थी: स, ला, ते. ‘ठाण्याला जातो’ यातला ‘ला’ आणि ‘पाणी प्यायला जातो’ यातला ‘ला’ एकच. म्हणजे हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी, एकमेकींना न विचारता, हेतू सांगायला तीच युक्ती काढली. जे करायचं आहे ते जणू पुढचं स्टेशन, आणि क्रियापद त्या दिशेने निघालेलं. फरक एवढाच, की इंग्रजीने पाटी पुढे लावली आणि आपण मागे.

ही दिशा डोळ्यांसमोर ठेवली की याद्यांचा बराचसा भाग आपोआप सुटतो. इच्छा, आशा, निश्चय, वचन, ‘करणार नाही’ असा नकार यांत कृती अजून पुढे असते, म्हणून ‘टू’. संपवणं, ‘केलंच नाही’ म्हणून नाकारणं, कबूल करणं यांत कृती हातात असते किंवा मागे पडलेली असते, म्हणून ‘आयएनजी’. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ ड्वाइट बोलिंजर यांनी १९६८ मध्ये साधारण हेच मांडलं: ‘टू’चं रूप संभाव्य गोष्टीचं, ‘आयएनजी’चं रूप प्रत्यक्षातल्या, मूर्त गोष्टीचं.

वर्गात मी मिसळीचं उदाहरण देतो, कारण तहसील कचेरीजवळची मिसळ खाल्ली नाही असा ठाणेकर विरळा. ‘आय स्टॉप्ड टू ईट मिसळ’: मिसळ खायला थांबलो. ‘आय स्टॉप्ड ईटिंग मिसळ’: मिसळ खाणं थांबवलं, बहुधा डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. एकाच्या ताटात तर्री, दुसऱ्याच्या ताटात दुधी. मराठीत ‘थांबणे’ आणि ‘थांबवणे’ अशी दोन क्रियापदंच वेगळी आहेत. इंग्रजीत एका ‘स्टॉप’वर भागतं आणि सगळा भार पुढच्या रूपावर पडतो.

‘रिग्रेट’चंही तसंच. सोसायटीच्या फळ्यावर ‘कळविण्यास खेद होतो की उद्या पाणी येणार नाही’ असं लिहितात ना, ते ‘आय रिग्रेट टू इन्फॉर्म यू’. तिथे ‘आय रिग्रेट इन्फॉर्मिंग यू’ लिहिलं तर अर्थ होतो, ‘तुम्हाला कळवलं हीच माझी चूक झाली’. सेक्रेटरींच्या मनात तेही असू शकतं, पण नोटिशीत नको.

म्हणून मी सांगतो, अडलात की वाक्य आधी चांगल्या मराठीत म्हणा. ‘-ायला’ किंवा ‘-ायचं’ आलं, तर बहुतेक वेळा ‘टू’. ‘-णं’ किंवा ‘-ल्याचं’ आलं, तर बहुतेक वेळा ‘आयएनजी’. आणि ‘-ऊ’ आलं, तर नुसता धातू: ‘जाऊ शकतो’ म्हणजे ‘कॅन गो’, ‘जाऊ दे’ म्हणजे ‘लेट गो’. माझ्या वर्गात ‘कॅन टू गो’ म्हणणारा विद्यार्थी मला आजवर भेटलेला नाही. त्यामागे त्या ‘ऊ’चा हात असावा असा माझा अंदाज.

‘बहुतेक वेळा’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. दिशेचा नियम काही ठिकाणी लंगडतो. ‘मॅनेज्ड टू कॅच द ट्रेन’ यात गाडी पकडून झालेली असते, तरी ‘टू’. ‘कन्सिडर’ आणि ‘सजेस्ट’ यांत गोष्ट अजून घडायची असते, तरी ‘आयएनजी’. यावर एक उत्तर असं देता येतं, की विचार करताना किंवा सुचवताना आपण त्या कृतीकडे निघालेलो नसतो. ती वस्तूसारखी टेबलावर ठेवून चारी बाजूंनी बघत असतो. मला हे अर्धं पटतं. उरलेला अर्धा भाग रिवाजाचा आहे, आणि रिवाज बदलतो. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज ‘अकस्टम्ड टू डू’ असं बिनदिक्कत लिहायचे, आज तिथे ‘अकस्टम्ड टू डूइंग’ लागतं. गेल्या काही शतकांत ‘आयएनजी’ने ‘टू’ची बरीच जागा बळकावली आहे. अभ्यासक या बदलाला ‘ग्रेट कॉम्प्लिमेंट शिफ्ट’, म्हणजे क्रियापदाच्या पूरकांतला मोठा बदल, म्हणतात.

जाता जाता ‘लुक फॉरवर्ड टू’चं सांगतो, कारण ऐरोलीच्या मेलमध्ये ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ रोज शंभरदा जात असेल. इथला ‘टू’ क्रियापदाचा नव्हे, साधा ‘कडे’ आहे, आणि त्याच्यापुढे नाम लागतं. मराठीत आपण ‘भेटायची’पेक्षा ‘भेटीची वाट पाहतो’ हेच सहज म्हणतो. ‘भेट’ हे नाम, म्हणून ‘मीटिंग’.

कोणत्या क्रियापदापुढे कोणतं रूप, हा प्रश्न इंग्रजीच्या शिकवणीवाल्यांनी काढलेला नाही. पाणिनीने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी तो सोडवायला घेतला होता. संस्कृतात ‘गन्तुम्’, ‘पातुम्’ यांत जो प्रत्यय आहे त्याला पाणिनी ‘तुमुन्’ म्हणतो. अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात त्याचे नियम आहेत. एक क्रिया दुसऱ्या क्रियेसाठी केली जात असेल, तर तुमुन्. ही झाली दिशा. मग शक्, ज्ञा, लभ्, सह् अशा धातूंची सरळ यादीच आहे, यांच्याबरोबर तुमुन्. म्हणजे याद्यांची खोड जुनी! (‘तुम्’ आणि ‘टू’ सारखे वाटतात, पण त्यांचं नातं नाही. ‘तुम्’चा खरा नातलग लॅटिनमध्ये आहे, तिथेही तो ‘तुम्’च.)

त्यातलं एक सूत्र मला फार आवडतं: ‘समानकर्तृकेषु तुमुन्’. इच्छेच्या क्रियापदांबरोबर तुमुन् वापरा, पण इच्छा करणारा आणि कृती करणारा एकच असेल तर. ‘अहं गन्तुम् इच्छामि’: मला जायचंय, जाणारही मीच. दुसऱ्याने जावं अशी इच्छा असेल तर वाक्याची बांधणी बदलते. मराठीत हे जसंच्या तसं आहे. ‘मला यायचंय’, पण ‘तू यावंस असं मला वाटतं’. इंग्रजी मात्र इथे बेफिकीर आहे: ‘आय वॉन्ट टू कम’ आणि ‘आय वॉन्ट यू टू कम’, दोन्हीकडे तोच ‘टू’. म्हणून आपली माणसं ‘आय वॉन्ट दॅट यू शुड कम’ म्हणतात. इंग्रजीच्या मास्तराला ती चूक दिसते. मला त्यात पाणिनी दिसतो.

कृती करणार कोण, हा गोंधळ इंग्रजी मुलांनाही चुकलेला नाही. ‘ही टोल्ड मी टू कम’ यात येणार मी. ‘ही प्रॉमिस्ड मी टू कम’ यात येणार तो. बांधणी एकच, माणूस वेगळा. कॅरल चॉम्स्की यांनी पाच ते दहा वर्षांच्या मुलांना बाहुल्या देऊन हे तपासलं, १९६९ मध्ये त्यांचं काम प्रसिद्ध झालं. ‘बोझो डोनाल्डला कोलांटी मारायचं वचन देतो’ अशा अर्थाचं वाक्य ऐकून काही मुलं कोलांटी डोनाल्डलाच मारायला लावत. बाकी भाषा अस्खलित बोलणारी ही मुलं. मराठीत ‘यायला सांगितलं’ आणि ‘यायचं वचन दिलं’ अशी रूपंच वेगळी होतात. आपल्या पोरांना त्याने मदत होते का, हे कोणीतरी बाहुल्या घेऊन तपासायला हवं.

आता मराठी दगा देते ती ठिकाणं. ‘पोहायला आवडतं’ म्हणून ‘एन्जॉय टू स्विम’ होतं. ‘लाइक टू स्विम’ चालतं, ‘एन्जॉय’ला ‘स्विमिंग’च लागतं, कारण पाण्यात असतानाचा आनंद तो. ‘सरांनी सुट्टी घ्यायला सुचवलं’ म्हणून ‘सजेस्टेड मी टू टेक लीव्ह’ होतं. इंग्रजीत माणसाला सुचवत नाहीत, कल्पना सुचवतात: ‘सजेस्टेड टेकिंग लीव्ह’. माणूस आणायचाच असेल तर ‘ॲडव्हाइज्ड मी टू’ म्हणा.

सगळ्यात हट्टी चूक ‘मेक’ची. ‘थांबायला लावलं’ यात ‘-ायला’ ठणठणीत ऐकू येतं, म्हणून ‘मेड मी टू वेट’. नियम सांगतो, ‘टू’ काढा: ‘मेड मी वेट’. पण वाक्य कर्मणी केलं की तोच ‘टू’ परत येतो: ‘आय वॉज मेड टू वेट’. हे ऐकल्यावर वर्गातली एक मुलगी वैतागली. ‘सर, आधी काढायचा आणि मग घालायचा? मग पहिल्यांदा काढला कशाला?’

प्रश्न रास्त होता. मी तिला १६११ सालच्या इंग्रजी बायबलच्या भाषांतरातली, तेविसाव्या स्तोत्रातली ओळ दाखवली: ‘ही मेकेथ मी टू लाय डाऊन इन ग्रीन पास्चर्स’. तो मला हिरव्या कुरणांत पहुडायला लावतो. ‘मेक’, ‘मी’ आणि मधोमध राजरोस ‘टू’. तेव्हा दोन्ही चालायचं. पुढे कर्तरी वाक्यातून ‘टू’ गळाला, कर्मणीत टिकला.

‘म्हणजे मी बरोबर होते,’ ती म्हणाली.

‘चारशे वर्षांपूर्वी.’

तिने त्या ओळीचा फोटो काढून घेतला. मग क्लायंटला पाठवायचा मेल उघडला, ‘मेड मी टू वेट’मधला ‘टू’ खोडला आणि थोडं थांबून आख्खं वाक्यच काढून टाकलं.