पंपावरचा आकडा

लक्ष्मीपूजनाच्या रात्री भाचीला दम्याची धाप लागली. चौदा वर्षांची आहे, नववीत शिकते. खिडक्या लावून घेतल्या होत्या, तरी फटाक्यांचा धूर घरात शिरलाच. निळ्या पंपाचे पफ स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळीतून, दिले, दहा-पंधरा मिनिटांत छातीतली शिट्टी थांबली आणि ती झोपली. मग मी तिचा दुसरा पंप शोधायला लागले, रोज सकाळ-रात्र एकेक पफ घ्यायचा तो. दप्तराच्या आतल्या कप्प्यात, कंपासपेटीखाली सापडला. त्याच्या पाठीवर एक छोटी खिडकी असते, उरलेल्या पफांचा आकडा तिथे दिसतो. गणपतीत नवा आणला तेव्हा १२० होता. हिशेबाने आता दहा-बारा उरायला हवे होते. आकडा होता ९७.

सकाळी विचारलं, तर म्हणाली, "अगं मावशी, मला काही होतच नव्हतं. मग रोज कशाला घेऊ?"

मी रागावले नाही, कारण तिचं म्हणणं तिच्या अनुभवाला धरूनच होतं. हे दोन पंप शरीरात काय करतात ते पाहिलं की ते पटतं.

दम्यात श्वासनलिकांचं दोन प्रकारे बिघडतं. नलिकेभोवतीचे स्नायू आवळतात, आणि आतलं अस्तर सुजून चिकट कफ सोडू लागतं. निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल स्नायूंवर काम करतं. स्नायूपेशीच्या पृष्ठभागावर बीटा-२ नावाचे ग्राही असतात, म्हणजे कुलपंच म्हणा. त्यात औषधाची किल्ली बसली की काही मिनिटांत स्नायू सैल पडतात आणि चार ते सहा तास तसे राहतात. सूज मात्र होती तिथेच असते.

सुजेवर दुसरा पंप काम करतो. त्यात ब्युडेसोनाइडसारखं स्टेरॉइड असतं, आणि त्याची कामाची तऱ्हा मला इतकी आवडते की इथे जरा रेंगाळणार आहे.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनएचा लांबलचक दोरा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. गुंडाळी घट्ट असेल तर त्या भागातली जनुकं वाचता येत नाहीत, सैल असेल तर वाचता येतात. धूळ, परागकण किंवा सर्दीचा विषाणू यांच्या चिथावणीने दम्याच्या रुग्णाच्या अस्तरात हिस्टोनांवर ॲसिटिल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटतात. त्यांनी रीळ सैल होतं, दाह वाढवणारी जनुकं उघडी पडतात आणि त्यांच्यावरून प्रथिनं तयार होऊ लागतात. ही प्रथिनं रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात, त्या येऊन अस्तर आणखी खराब करतात, आणि चक्र सुरू राहतं.

स्टेरॉइडचा रेणू मेदात विरघळणारा असल्यामुळे पेशीच्या आवरणातून तो सरळ आत जातो. आत त्याचा ग्राही एचएसपी-९० या प्रथिनाच्या सोबतीने थांबलेला असतो. स्टेरॉइड येऊन बसलं की ही सोबत सुटते आणि जोडी केंद्रकात शिरते. तिथे ती एचडॅक-२ नावाच्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, नेमकी उघड्या जनुकांपाशी आणते. हे विकर ॲसिटिल गट एकेक करून काढून टाकतं, रीळ पुन्हा घट्ट होतं आणि जनुक गप्प होतं. हीच जोडी काही जनुकांना उलट जागंही करते, आणि त्यांत बीटा-२ ग्राहीचं जनुकही आहे. म्हणजे निळ्या पंपाची किल्ली ज्या कुलपात बसते, ती कुलपं भरपूर राहावीत याची काळजी दुसरा पंप घेत असतो. नुसता निळा पंप वारंवार ओढत राहिलं तर हे ग्राही कमी होत जातात.

आता यातला वेळ पाहा. जनुक गप्प झालं तरी आधी तयार झालेली प्रथिनं संपायला, जमलेल्या इओसिनोफिल पेशी मरायला आणि सूज उतरायला दिवस लागतात. पूर्ण गुण यायला तर काही आठवडे जातात. पंप बंद केल्यावरही तसंच. दाह हळूहळू परततो, तोवर रुग्णाला बरंच वाटत असतं. पंप घेतल्याचा फायदा आज जाणवत नाही आणि चुकवल्याचा तोटाही आज जाणवत नाही. निळा पंप मात्र पाच मिनिटांत स्वतःचा गुण दाखवतो. चौदा वर्षांच्या मुलीचा विश्वास कोणत्या पंपावर बसेल?

तिथेच धोका आहे. कॅनडातल्या सॅस्कॅचवान प्रांतातल्या दमेकऱ्यांच्या औषधांच्या नोंदींचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. वर्षभरात स्टेरॉइडचा एकेक पंप जास्त वापरला गेला, तसतसा दम्याने मृत्यू येण्याचा धोका दर पंपामागे सुमारे २१ टक्क्यांनी कमी होत गेला. औषध सोडल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मृत्यूचं प्रमाण वाढलेलं होतं. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त भारतात होतात. बारा वर्षांवरच्या कुणालाही नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये, असं दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०१९ पासून सांगत आहेत.

आपल्याकडे मात्र "पंपाची सवय लागते" हे वाक्य घराघरात ऐकू येतं. सवय लागत नाही. आजार जुनाट आहे म्हणून औषध दीर्घकाळ लागतं, चष्मा लागतो तसं. "स्टेरॉइडने वाढ खुंटते" यात थोडं तथ्य आहे, आणि ते लपवू नये: अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासात, लहानपणी चार-सहा वर्षं रोज ब्युडेसोनाइड घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरली. एवढ्या भीतीने पंप टाकून लोक कोजागरीच्या रात्री खिरीतून दम्याचं औषध घ्यायला रांग लावतात, नाहीतर मृगाला हैदराबादला जाऊन औषध भरलेला जिवंत मासा गिळतात. मला याचा मनापासून संताप येतो, कारण त्या प्रवासाच्या खर्चात कित्येक महिन्यांचे पंप येतील.

तर प्रश्न असा: औषध स्वतःहून काहीच जाणवून देत नसेल, तर आठवण कोण देणार? आई-वडील देतात, पण त्या वयात त्याची कटकट होते, आणि "घेतला" हे उत्तर तपासता येत नाही. डेन्व्हरमध्ये १९९६ साली ८ ते १२ वर्षांच्या २४ मुलांच्या पंपांवर नोंद करणारं यंत्र बसवलं होतं. डायरीप्रमाणे औषध ९५ टक्के घेतलं गेलं होतं, यंत्राप्रमाणे ५८ टक्के.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला ६ ते १५ वर्षांच्या २२० मुलांवर झालेला प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. पंप घ्यायच्या वेळी आवाज आणि प्रकाश करणारं उपकरण निम्म्या मुलांना दिलं. त्यांनी ८४ टक्के डोस घेतले. बाकीच्यांच्या पंपांवर तेच उपकरण होतं, पण मुकं, आणि त्यांनी घेतले ३० टक्के. दम्याची लक्षणंही पहिल्या गटात जास्त आटोक्यात आली. शाळेचे बुडालेले दिवस मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले. "ॲपने दमा पळवला" असे मथळे वाचताना हे लक्षात ठेवावं.

नुसती घंटा विसरभोळ्याला उपयोगी पडते. माझी भाची विसरत नव्हती, तिने ठरवून घेतला नव्हता. म्हणून मला अटलांटाचा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी १० ते १७ वर्षांच्या ३० मुलांना चार महिने मोबाइलवर एसएमएस पाठवले, आणि त्यांत हुकूम नव्हते, प्रश्न होते. काही प्रश्न लक्षणांचे, काही दम्याच्या माहितीचे, जसं की त्रास होत नसताना पंप घ्यावा लागतो का, हो की नाही? उत्तर पाठवलं की बरोबर काय ते कळायचं. रोज संदेश मिळणाऱ्या मुलांची फुप्फुसांची क्षमता सुधारली. तीसच मुलं होती, म्हणून फार ताणू नये. पण न्यूझीलंडमध्येच १६ ते ४५ वयाच्या रुग्णांना त्यांच्या दम्याबद्दलच्या समजुती ओळखून संदेश पाठवले, तेव्हाही औषध घेण्याचं प्रमाण वाढलं. लक्षणं नसताना दमाही नसतो, ही समजूत त्यांत मुख्य होती.

मग आम्ही दोघींनी बसून मराठीत संदेश लिहिले, आणि तिथे एक गंमत कळली. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला सात बिट लागतात म्हणून १६० अक्षरं बसतात, देवनागरीत प्रत्येक खुणेला सोळा बिट, म्हणून फक्त ७०. आणि काना, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. "श्वासनलिका" ही आपल्याला पाच अक्षरं, फोनला दहा. म्हणून तो शब्द आम्ही गाळला. तिने केलेला पहिला प्रश्न असा होता: "आज खोकला नाही, तरी पंप घ्यायचा का? हो/नाही". बेचाळीस खुणा, एका संदेशात आरामात बसतो.

असे वीस प्रश्न आम्ही केले, कारण तोच संदेश रोज आला की चौथ्या दिवसापासून डोळा त्यावरून घसरतो. त्या वयाच्या कित्येक मुलांकडे स्वतःचा फोन नसतो, तिच्याकडेही नाही. संदेश ताईच्या फोनवर जातो, रात्री साडेनऊला, ओटीपी आणि रिचार्जच्या गर्दीत हरवू नये म्हणून व्हॉट्सॲपवरही. पंप आता दप्तरात नसतो, न्हाणीघरात टूथब्रशच्या पेल्यात असतो. पफ घेतल्यावर चूळ भरायचीच असते, नाहीतर तोंडात बुरशी धरते. त्यामुळे आधी पफ, मग दात घासणं.

नवा पंप सुरू करून काल पंचेचाळीस दिवस झाले. ताईने खिडकीचा फोटो पाठवला. तीस हवे होते, चौतीस आहेत.